उघड्या दाराची बेल

आमच्या घराचं पुढचं दार आई उठली की उघडतं, ते रात्रीची जेवणं उरकल्यावरच लागतं. दिवसभर सताड उघडं. ओट्यावर गल्लीतलं एक कुत्रं हक्काने झोपलेलं असतं, शेजारची कोंबडी आत येऊन तांदूळ टिपून जाते, गॅसवाला तर सिलिंडर थेट स्वयंपाकघरात नेऊन ठेवतो आणि पाणी पिऊन जातो. माझा सख्खा भाऊ, सतरा वर्षांचा घोडा, बारावीला आहे, तो कॉलेजातून येतो, चपला काढतो, या उघड्या दारासमोर उभा राहतो आणि बेल वाजवतो. आतून कुणी तरी ‘ये’ म्हणेपर्यंत थांबतो. मग आत येतो. स्वतःच्या घरात. रोज.

आई पाहुण्यांना कौतुकाने सांगते, केवढं वळण आहे पोराला. पाहुणेही माना डोलावतात, आपापल्या पोरांकडे बघतात. ती बेल वाजली की माझं मात्र डोकं फिरतं. हातात असेल ती वस्तू आपटावीशी वाटते, आणि बऱ्याचदा मी आपटतेही. घरचे म्हणतात, हिचा स्वभावच तिरसट. असेल. पण ते वळण त्याला कुठे लागलं आणि कुणामुळे लागलं हे मला माहीत आहे, आणि दहा-अकरा वर्षं मी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

आमचं गाव पनवेलच्या खाडीला लागून होतं. आता नाही. प्रकल्पात गेलं. आमच्याकडे म्हणतात, गाव उठलं. जसं काही ते बसलं होतं आणि आपणहून उठून चालू लागलं. उठलं नाही, उठवलं. या एका शब्दावरून मी अजून लोकांशी भांडते.

आमच्या आळीत एका बाजूला सात घरं होती, भिंतीला भिंत लागलेली. प्रत्येक घराला पुढे पडवी, मागे परसात उघडणारं दार. दिवसा दोन्ही दारं उघडी. त्यामुळे कुठल्याही घराच्या पडवीतून बघितलं की आरपार मागचं शेवग्याचं झाड दिसायचं. या आरपार दिसण्यावरून मी एक खेळ काढला होता आणि त्याचं नावही आरपार ठेवलं होतं. आळीच्या या टोकाला पहिल्या घरात पुढच्या दाराने शिरायचं, मागच्या दाराने निघायचं. शेजारच्या घरात मागून शिरायचं, पुढून निघायचं. असं करत सातव्या घरापर्यंत पोचायचं. रस्त्याला पाय लागला की बाद. आणि प्रत्येक घराच्या चुलीपाशी जाऊन काही तरी निशाणी आणायची. निशाणी म्हणजे खायची वस्तू. गुळाचा खडा, चिमूटभर सुका जवळा, भाकरीचा तुकडा, काहीही.

यात चोरी नव्हती. हे मला आज मुद्दाम लिहावं लागतंय, याचाच राग येतो. आमच्यात कुणाच्याही घरात शिरून टोपावरचं झाकण उचलून आज काय शिजलंय ते बघायची पोरांना मोकळीक होती. सातवं घर काकीचं. ती चुलीसमोर पाटावर बसलेली असायची आणि आम्ही दोघं धापा टाकत पुढच्या दाराने घुसलो की न वळताच म्हणायची, “आली का वरात? घ्या, तांदलाची भाकरी हाय नि सुकट हाय. रस्त्याला पाय नाय ना लावला?” तिलाही नियम पाठ होते. सगळ्या आळीला पाठ होते. एक म्हातारबाबा दुपारी मधल्या घराच्या दारातच आडवे झोपायचे, त्यांना ओलांडताना त्यांची झोपमोड झाली तर बाद, हा नियम तर त्यांनी स्वतःच घालून दिला होता.

मी तेव्हा अकराची, भाऊ सहाचा. त्याची चड्डी कायम ढिली, त्यामुळे एक हात चड्डीला आणि एका हातात निशाणी. दोन्ही हात अडकलेले असल्याने तो उंबऱ्यांना ठेचकाळायचा, पण निशाणी सोडायचा नाही. नियम सगळे माझे. मी मोठी, म्हणून. त्यातला एक नियम असा की पकडलं गेलो तर दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. तो मी का केला तेही सांगते. एकदा आम्ही कुणाच्या तरी परसात वाळत घातलेल्या पापडांवरून पळालो होतो. तिसऱ्या घरातल्या आजीने भावाला पकडून विचारलं, तेव्हा याने ताबडतोब “ताय पन होती” म्हणून माझ्याकडे बोट दाखवलं. बाबांनी मला दिवसभर उन्हात बसवून पापड राखायला लावले. संध्याकाळी मी त्याला परसात नेऊन दम दिला की पुन्हा नाव घेतलंस तर आरपारमधून कायमचा बाद. त्याने ओठ बाहेर काढून मान हलवली. त्याने एकदा मान हलवली की झालं, हे मला माहीत होतं.

ते मला खाडीत कळलं होतं. रविवारी ओहोटी लागली की बाबा आम्हाला चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, धरायला न्यायचे. बाबा एका कंपनीची बस चालवायचे, आठवडाभर घरी नसल्यासारखेच, पण चिंबोऱ्यांचा रविवार त्यांनी कधी चुकवला नाही. ते बिळात हूक घालायचे, मी बाहेर आलेल्या चिंबोरीवर पाय ठेवायचे आणि भावाने पिशवी धरायची. एकदा तो चिखलात मांडीपर्यंत रुतला. आम्ही पुढे गेलेलो. वळून बघतो तर हा तिथेच उभा, तोंडातून आवाज नाही, आणि पिशवी दोन्ही हातांनी डोक्याच्या वर. चिंबोऱ्या पळू नयेत म्हणून. बाबांनी त्याला उपटून काढलं, एक चप्पल खाडीला गेली. “हाक नाय मारायची का रं?” बाबांनी विचारलं. तो म्हणाला, “तुमी बोलले ना, पिशवी सोरू नको.” बाबा हसून हसून बांधावरच बसले.

मग गाव उठवलं. त्यात आणखी एक गंमत होती, म्हणजे ज्याला ती गंमत वाटेल त्याचं मला थोबाड बघायचंय. ज्याचं त्याने आपलं घर उतरवून द्यायचं होतं. बाबा आणि काका कौलं काढत होते, आई खाली उभी राहून झेलत होती, कौलं फुटू नयेत म्हणून पोत्यावर ठेवत होती. ती कौलं पुढे कुठेच वापरली गेली नाहीत. पण न फुटता उतरवली. मी विचारलं, आपण का जातोय? तर आई म्हणाली, तिकडं लिफ्ट हाय. बाबा म्हणाले, नळाला चोवीस तास पाणी. काका म्हणाले, खाली आइसक्रीमचं दुकान आहे. मोठी माणसं पोरांशी असंच बोलतात, आणि आपण खूप समजूतदारपणे बोललो असं त्यांना वाटतं. मला जायचं आहे का, हे मला एकानेही विचारलं नाही.

गावाच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर घर बांधून होईपर्यंत कामोठ्यात भाड्याचा फ्लॅट घेतला होता. दोन पावसाळे काढायचे, असं ठरलं होतं. चार निघाले. सगळं सामान टेम्पोत चढल्यावर बाबांना काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी पहार घेतली आणि पुढचं दार चौकटीसकट उखडून काढलं. ऐनाच्या लाकडाचं, आजोबांच्या हातचं. ते टेम्पोत आडवं टाकलं आणि आम्हा दोघांना त्यावर बसवलं. टेम्पो हायवेला लागल्यावर भाऊ खाली बघत बसला होता. थोड्या वेळाने त्याने विचारलं, “ताय, आता आपन आत हाव का भायेर?” मी म्हटलं, गप बस, पडशील. मला उत्तर येत नव्हतं म्हणून मी खेकसले. माझं बरंचसं खेकसणं तेव्हापासून त्याच कारणाने असतं.

फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. मजल्यावर चार दारं, चारही तपकिरी, चारही बंद. बंद दाराच्या पुढे आणखी एक जाळीचं दार, तेही बंद. आमचं ऐनाचं दार लिफ्टमध्ये मावेना. बाबा, काका आणि टेम्पोवाला ते जिन्यावरून घेऊन आले, तेवढ्यात भिंतीला एक ओरखडा गेला. वर पोचेपर्यंत सेक्रेटरी हजर. बर्म्युडा घातलेला, गळ्यात चष्मा. म्हणाला, “भंगार गॅलरीत ठेवायला परमिशन नाही.” बाबा म्हणाले, भंगार नाही, दार आहे. तो म्हणाला, “दार आहे ना फ्लॅटला?” मग ते दार हॉलमध्ये भिंतीला तिरकं टेकवून ठेवलं. त्याच्यामागे एक चिंचोळी जागा झाली. भाऊ आणि मी तिथे जाऊन बसायचो. त्या जागेला आम्ही आळी म्हणायचो. त्याच्या दोन गाड्या, माझी वही, काकीने दिलेली चिंचेची बरणी, सगळं आळीत. आई केर काढायला आली की ती सुद्धा आधी विचारायची, “येऊ का आलीत?”

मे महिन्याची सुट्टी लागली तशी मी वेडीपिशी झाले. खाली खेळायला जावं तर तिथली पोरं आमच्या बोलण्यावरून हसायची. मी एकदा तिसऱ्याच मजल्यावरच्या शेजारच्या घरात गेले होते, दार अर्धवट उघडं होतं म्हणून. आतल्या बाईने “कोण पाहिजे?” असं विचारलं. कोण पाहिजे म्हणजे काय? कुणीच नको होतं. मी नुसती आले होते. नुसतं येता येतं हे तिला कसं सांगायचं ते मला सुचलं नाही, मी परत फिरले आणि मागे दार लागल्याचा आवाज आला. हे मी घरी बोलले नाही. भावालाही सांगितलं नाही, आणि तिथेच खरी माती खाल्ली.

एका सकाळी आळीत बसल्या बसल्या मी त्याला म्हटलं, आपण आरपार खेळू या. त्याचे डोळे एवढाले झाले. म्हणाला, “इथं मागचा दार कुठं हाय?” मी म्हटलं, नवीन नियम. दुसऱ्या मजल्यावरच्या घरात शिरायचं, स्वयंपाकघरातून निशाणी आणायची आणि परत यायचं. आधी तू. तो म्हणाला, “तू चल ना पन.” मी म्हटलं, मी जिन्यात उभी राहते, मोठ्या माणसांवर लक्ष ठेवायला. खरं कारण वेगळं होतं. मला ते ‘कोण पाहिजे’ पुन्हा ऐकायचं नव्हतं. मी घाबरले होते, म्हणून मी त्याला पाठवलं. अकरा वर्षांची मी, सहा वर्षांच्या पोराला.

दुसऱ्या मजल्यावर सिलिंडर आला होता. दोन्ही दारं उघडी होती, सिलिंडरवाला आत चाललेला. भाऊ त्याच्या मागोमाग सरळ आत गेला, एक हात चड्डीला. मला जिन्यातून त्याची पाठ दिसली, तीही गेली. मी मोजत होते. पंधरापर्यंत मोजलं असेल आणि आतून बाईचा आवाज आला, “अरे! ए! कोण तू? नैवेद्याला हात लावला! अहो, बघा हो!”

त्यांच्याकडे कसली तरी पूजा होती. ओट्यावर नैवेद्याचं ताट काढून ठेवलेलं, त्यातला एक बेसनाचा लाडू याने उचलला होता. त्याला काय कळणार. आमच्यात ओट्यावर जे असतं ते खायचं असतं. त्या घरातल्या काकूंनी त्याला दंडाला धरून बाहेर आणलं. आणि मग जे झालं ते मी कधी विसरणार नाही. त्या बिल्डिंगमधली दारं, जी आम्ही तीन महिन्यांत एकदम कधी उघडी पाहिली नव्हती, ती सगळी उघडली. वरची, खालची, शेजारची. सणावाराला, आईला ताप आला तेव्हा, आमच्यासाठी एक उघडलं नव्हतं. पोराला चोर म्हणायला सगळी उघडली.

“कोणाचा आहे हा?”

“वरच्या गाववाल्यांचा.”

“मोबदला मिळाला म्हणजे रीतभात येते असं थोडीच आहे.”

“आणि हात बघा, वास येतोय सुकटीचा. आता सगळा नैवेद्य पुन्हा करा.”

हे शेवटचं त्या काकू बोलल्या. आता बघितलं तर त्यांनाही त्या दिवशी पहाटेपासून उपास असेल, घाम आला असेल, अनोळखी पोर घरात बघून त्या घाबरल्या असतील. मी हे सगळं स्वतःला समजावून बघितलं आहे. समजतं, पण राग जात नाही. त्यांनी त्याला विचारायला हवं होतं, भूक लागली का रे? एवढंच विचारायला हवं होतं.

आई वरून धावत आली, हाताला तांदळाचं पीठ. तिने सगळ्यांकडे एकदा बघितलं. सेक्रेटरी आलाच होता, त्याच्याशिवाय पान हलत नव्हतं तिथलं. त्याने गुडघ्यावर हात टेकून वाकून भावाला विचारलं, “बेटा, तुला कोणी पाठवलं?”

भावाने मान वर करून जिन्याकडे बघितलं. मी पाच पायऱ्या वर उभी होते, कठड्याचा गज धरून. आमची नजरानजर झाली. तो काही बोलला नाही. मी एवढंच म्हणायचं होतं की मी पाठवलं. दोन शब्द. ते माझ्या तोंडात होते, जिभेवर होते, आणि मी ते गिळले.

मग आईने त्याला मारलं. सगळ्यांदेखत. एका हाताने दंड धरून दुसऱ्या हाताने, आणि प्रत्येक चापटीला एक एक शब्द. “बेल. वाजवाची. बेल. वाजवाची. कलला?” त्याच्या गालावर पिठाचे पांढरे ठसे उठले. तो रडला नाही. उजव्या हाताची मूठ त्याने घट्ट मिटून पोटाशी धरली होती, आणि डाव्या हाताने चड्डी. काकू म्हणाल्या, “जाऊ द्या, मारू नका, लहान आहे.” आता म्हणाल्या. मग सगळी दारं एकामागून एक लागली.

घरी आल्यावर आई स्वयंपाकघरात गेली आणि भाऊ आळीत. मी त्याच्यामागे गेले. त्याने हात पुढे केला, मूठ उघडली. आत लाडवाचा भुगा, घामाने ओला झालेला.

“ताय, आनली निशानी.”

तो जिंकला होता. त्याच्या दृष्टीने तो जिंकला होता, आणि त्याने नावही घेतलं नव्हतं. मी काय केलं माहीत आहे? मी तो भुगा खाल्ला. पटापट, सगळा, पुरावा उरू नये म्हणून. आणि त्याचा हात माझ्या फ्रॉकला पुसला. त्याला वाटलं मी शाबासकी म्हणून खाल्ला. तो हसला. गालावर पीठ तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी लिफ्टशेजारच्या बोर्डावर नोटीस लागली की सभासदांनी आपापल्या पाल्यांना इतरांच्या सदनिकेत विनापरवानगी शिरू देऊ नये. भाऊ तेव्हा नुकता जोडाक्षरं वाचायला शिकत होता. त्याने ती बोटाने एक एक अक्षर लावत वाचली आणि मला विचारलं, “पाल्य म्हंजे मी ना?”

त्यानंतर आम्ही आरपार खेळलो नाही. तो बेल वाजवायला लागला. आधी दुसऱ्यांच्या दाराची, आईने कुणाकडे वाटी द्यायला पाठवलं तर. मग आमच्या दाराची, किल्ली त्याच्या हातात असतानाही. पुढे पुढे तर हॉलमधल्या त्या तिरक्या दारामागे मी बसलेली असले की तो लाकडावर बोट दाबून तोंडानेच ‘टिंग’ म्हणायचा आणि थांबायचा. मला वाटलं, खेळतोय. वाटून घेतलं, असं म्हणू.

प्लॉटवरचं घर झालं तेव्हा बाबांनी ऐनाचं दार पुन्हा चौकटीत बसवलं. काकीचं घर आता आमच्यापासून चार प्लॉट सोडून आहे, मधे कंपाउंडं आहेत, पण तिचंही दार उघडं असतं. वास्तुशांतीच्या दिवशी सगळे दाराला तेल लावत होते आणि भाऊ बाबांना म्हणाला, “बेल कुठे बसवायची?” बाबा हसले, म्हणाले, अरे, हे दार लागणार कधी? पण त्याने हट्ट धरला, शेवटी बाबांनी आणून बसवली. इतके हट्ट करणारा पोरगा नाही तो. मी तेव्हाही गप्प बसले.

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवार होता, मला ऑफिसला सुट्टी. मी पुढच्या खोलीत दाराच्या समोरच, अगदी हातभर आत, सूप घेऊन जवळा निवडत बसले होते. भाऊ क्लासवरून आला. चपला काढल्या. मी त्याला बघितलं, त्याने मला बघितलं. आमच्यात एक उंबरा होता, बाकी काही नाही. आणि तो हात वर करून बेल वाजवतो. माझ्याकडे बघत वाजवतो. आणि थांबतो.

मी सूप फेकलं. सगळा जवळा त्याच्या पायांवर, ओट्यावर, कुत्रं दचकून उठलं.

“मी दिसत नाही का तुला? आंधळा आहेस? तुझं घर आहे ना हे? कुणाची परवानगी मागतोस रोज?”

“अगं, काय झालं तुला,” तो म्हणाला. तो आता शहरातल्यासारखं बोलतो. तेही तो तिथेच शिकला, कामोठ्यात.

आई आतून धावत आली, हातात उलथनं. मला थांबवता आलं नाही. मी ओरडतच सांगितलं. की त्या दिवशी याला मी पाठवलं होतं. की तो माझा खेळ होता, माझा नियम होता, लाडू मी खाल्ला. की मी पाच पायऱ्यांवर उभी होते आणि तू याला मारत होतीस आणि मी तोंड उघडलं नाही. सांगता सांगता मी रडायला लागले, आणि रडायला येतंय म्हणून मला आणखी राग आला.

आईने उलथनं खाली केलं. म्हणाली, “मना काय म्हाईत नव्हता काय ते?”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“सा वर्साचा पोर आपल्या मनान दुसऱ्याच्या घरात जाल काय, ताय सोरून? जिन्यात उबी होतीस, गजाला धरून. तुजा तोंडच सांगत होता.”

“मग त्याला का मारलंस? मला का नाही?”

आई खाली बसून जवळा गोळा करायला लागली. उत्तर देताना तिने माझ्याकडे बघितलं नाही. “तुना मारली असती तं लोकांनी चार वर्सा लक्षात ठेवला असता. चोरटी पोर म्हनून नाव झाला असता तुजा. बारक्याला मारला का बगनारी लवकर गप होतात. दोन मारल्या का बोलतात, जाऊ द्या, ल्हान हाय. बोलली ना ती बाय तसा?”

बोलली होती. अगदी तसंच बोलली होती. म्हणजे आईने त्या जिन्यात, पिठाच्या हातांनी, एवढा सगळा हिशेब तेवढ्या वेळात केला होता आणि त्यात कुणी मार खायचा तेही ठरवलं होतं. मला कुणी विचारलं? पुन्हा मला कुणीच विचारलं नव्हतं. आणि त्याला तर कधीच नाही. मला आईचा इतका राग आला की मला तिच्या हातातला जवळा उधळून द्यावासा वाटला, आणि त्याच वेळी तिच्या त्या वाकलेल्या पाठीकडे बघवेना. तीही तिथे एकटीच होती, सगळी दारं उघडलेली असताना.

मी भावाकडे वळले. “तू तरी बोलायचंस. माझं नाव घ्यायचंस.”

त्याने खांदे उडवले. “नियम होता ना,” तो म्हणाला. आणि पायांवरचा जवळा झटकून विचारलं, “येऊ आत?”

मी माळ्यावरून स्क्रू ड्रायव्हर काढला. आई म्हणत होती, भिंत खराब होईल, बाबा ओरडतील. मी स्टुलावर चढून ती बेल उपटून काढली, वायरीसकट, पोपडे पडले. दोन वायरी भिंतीतून बाहेर लोंबत राहिल्या. भाऊ खाली उभा राहून वर बघत होता. बेल मी मागच्या दाराने नेऊन कचऱ्यात टाकली आणि मला बरं वाटलं, निदान तेवढी संध्याकाळ.

दुसऱ्या दिवशी मला ऑफिसातून यायला त्याच्याआधी जमलं. दार उघडं होतं. मी आत चहा घेऊन बसले होते, मुद्दाम त्याला दिसेन अशी. तो आला. चपला काढल्या. बेलच्या जागी हात नेला, लोंबत्या वायरी बघितल्या, हात खाली घेतला. मी कप खाली ठेवला. आता येतो की नाही बघू.

त्याने उघडं दार एका हाताने जरासं पुढे ओढलं, आजोबांच्या हातच्या त्या लाकडावर बोटाने दोनदा ठोकलं, आणि मी ‘ये’ म्हणेपर्यंत उंबऱ्याबाहेर उभा राहिला.